पुठ्ठ्याच्या नळीवर उभं राहिलेलं घर

एक कोरा कागद घ्या, वहीच्या पानाएवढा. तो टेबलावर उभा करून पाहा. उभा राहणार नाही, लगेच लवंडेल. आता त्याच कागदाची चार बोटं रुंद गुंडाळी करा, कडेला चिकटपट्टी लावा आणि ती उभी ठेवा. तिच्यावर अलगद, बरोबर मधोमध, एक पुस्तक ठेवा. मग दुसरं. मग तिसरं. जरा धीर करून एखादा जाडजूड शब्दकोशही ठेवून पाहा.

कागद तोच आहे. त्यात एक कणही नवा घातलेला नाही. मग क्षणापूर्वी स्वतःचं वजनसुद्धा न पेलणारा हा कागद आता पुस्तकांचा ढीग घेऊन कसा उभा राहिला?

सपाट कागदावर वरून भार आला की तो तुटत नाही, बाजूला झुकतो. त्याची जाडी मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढी, त्यामुळे झुकताना त्याला अडवणारं काहीच नसतं. गुंडाळीचं तसं नाही. ती डावीकडे झुकायची तर तिची उजवी बाजू ताणली गेली पाहिजे आणि डावी दाबली गेली पाहिजे, आणि या दोन बाजू एकमेकींपासून चार बोटं दूर आहेत. ताणाच्या बाबतीत कागद किती चिवट असतो हे वर्तमानपत्राची पट्टी दोन्ही टोकांना धरून सरळ ओढलीत तर कळेल. कडेनं फाडणं सोपं, पण सरळ ताणून तोडायला जोर लागतो. गोल नळीला झुकायला कुठलीही दिशा सोपी नसते. बांबूनं ही युक्ती माणसाच्या कितीतरी आधी साधली: मधली जागा पोकळ ठेवायची आणि सगळा माल कडेला न्यायचा.

इथपर्यंतचं शाळेतल्या प्रयोगासारखं झालं. पण या नळीवर पुस्तकांऐवजी छप्पर ठेवलं तर? तिच्या आत एखादं कुटुंब राहायला गेलं तर? भूकंपात घर गमावलेली माणसं खरोखरच अशा घरांत राहिली आहेत, तीही आपल्या शेजारच्या कच्छमध्ये. ती गोष्ट मी सांगणार आहे.

या नळ्या तुम्ही शेकडो वेळा पाहिल्या आहेत. कापडाच्या रोलच्या पोटात त्या असतात. गालिच्याच्या गुंडाळीत असतात. फ्लेक्स छापणाऱ्याच्या दुकानाबाहेर त्यांचा ढीग पडलेला असतो. भिवंडी-इचलकरंजीसारख्या कापडाच्या गावांना तर त्यांचं काही अप्रूप नाही. त्या तयार होतात रद्दीपासून. रद्दीचा लगदा, लगद्याचा तपकिरी कागद, त्या कागदाच्या लांब पट्ट्या. या पट्ट्यांना गोंद लावून त्या गुळगुळीत लोखंडी दांड्याभोवती तिरक्या गुंडाळत नेतात, थरावर थर. दांड्यावरून नळी सलग पुढे सरकत राहते आणि हव्या त्या ठिकाणी कापली जाते. व्यास हवा तो, जाडी हवी ती, आणि लांबी ट्रकमध्ये मावेल तेवढी. किंमत अगदी कमी, कारण तिचं काम एकच: दुसऱ्या कुठल्यातरी मौल्यवान वस्तूला गुंडाळून घेणं आणि ती वस्तू संपली की फेकलं जाणं.

१९८६ साली टोकियोत शिगेरु बान नावाच्या तरुण वास्तुरचनाकाराकडे एका प्रदर्शनाची मांडणी करण्याचं काम आलं. प्रदर्शन होतं फिनलंडचे थोर वास्तुरचनाकार आल्वार आल्टो यांच्या कामाचं. आल्टो म्हणजे लाकडावर जीव असलेला माणूस. तेव्हा मांडणीही लाकडाची हवी, पण लाकूड महाग, आणि प्रदर्शन संपल्यावर ते सगळं टाकून द्यायचं, हे बान यांच्या मनाला पटेना. त्यांच्या कार्यालयात आधीच्या एका प्रदर्शनातल्या कापडाच्या नळ्या पडून होत्या. फेकवत नाहीत म्हणून ठेवलेल्या. त्यांनी त्या नळ्यांकडे पाहिलं. रंग लाकडाच्या जवळचा. वजन हलकं. आणि हाताला चांगल्याच कणखर. त्यांनी कारखान्यातून आणखी नळ्या मागवल्या आणि छत, पडद्या, मांडण्या सगळं त्यांचंच केलं.

दुसरा एखादा रचनाकार इथेच थांबला असता. बान यांना प्रश्न पडला की या नळ्या इतक्या मजबूत आहेत, तर त्यांची इमारत का होऊ नये? ते वासेदा विद्यापीठातले प्राध्यापक गेंगो मात्सुई यांच्याकडे गेले. इमारतींच्या सांगाड्यांचं गणित हा मात्सुईंचा विषय. नळ्या यंत्रात घालून दाबल्या, वाकवल्या, भिजवल्या, मोडेपर्यंत ताणल्या. १९८९ मध्ये नागोयाच्या प्रदर्शनात त्यांनी नळ्यांचा एक गोल मांडव उघड्यावर उभा केला. सहा महिन्यांहून जास्त काळ तो ऊन-वारा-पाऊस खात उभा राहिला. नंतर तो सोडवून नळ्या पुन्हा तपासल्या, तेव्हा दाब सोसण्याची त्यांची ताकद चक्क वाढलेली निघाली! थरांमधला गोंद त्या काळात आणखी वाळून कडक झाला होता.

तुम्ही म्हणाल, ते सगळं ठीक, पण पाणी आणि आग? रास्त प्रश्न आहे, आणि सरकारी अभियंत्यांनीही तोच विचारला. कागदाचे तंतू एकमेकांना फार नाजूक बंधांनी धरून असतात आणि पाण्याचे रेणू नेमके त्याच बंधांमध्ये घुसतात, म्हणून ओला कागद हातात विरघळतो. उपाय म्हणजे पाण्याला तंतूंपर्यंत पोचूच द्यायचं नाही. त्यासाठी नळीला मेणाचा किंवा वार्निशाचा लेप द्यायचा, ती जमिनीपासून उचलून ठेवायची आणि वर छपराची वळचण बाहेर काढायची. आगीचं उत्तर जास्त चकित करणारं आहे. सुटा कागद भडकतो, पण रद्दीचा करकचून बांधलेला गठ्ठा पेटवून पाहा. त्याच्या कडा काळ्या होतात आणि आग तिथेच रेंगाळते, कारण आतल्या थरांपर्यंत हवा जात नाही. घट्ट गुंडाळलेल्या जाड नळीचंही तसंच होतं. १९९३ मध्ये जपानच्या इमारत कायद्यानं कागदी नळीला बांधकामाचं साहित्य म्हणून मान्यता दिली. जगातल्या सर्वात भूकंपप्रवण देशांपैकी एकाचा, इमारतींच्या बाबतीत अतिशय काटेकोर असलेला कायदा कागदाला खांब म्हणू लागला.

कागदाचा सर्वात मोठा गुण मात्र प्रयोगशाळेत सापडला नाही. तो सापडला रवांडामधल्या निर्वासितांच्या छावणीत, आणि मला तो सगळ्या गोष्टीचा गाभा वाटतो.

१९९४ च्या नरसंहारानंतर लाखो माणसं परागंदा झाली होती. संयुक्त राष्ट्रांची निर्वासितांसाठीची संस्था त्यांना प्लॅस्टिकच्या ताडपत्र्या देत होती. ताडपत्री ताणायला खांब लागतात, म्हणून लोक आसपासची झाडं तोडत आणि डोंगरच्या डोंगर उघडे पडत चालले. मग संस्थेनं ॲल्युमिनियमचे खांब वाटले. आता काय झालं असेल? ॲल्युमिनियमला बाजारात भाव आहे. उपाशी माणसानं खांब विकले आणि पुन्हा कुऱ्हाड हातात घेतली. त्याला दोष कोण देणार?

बान यांनी छावणीतले फोटो पाहिले होते. कुडकुडणारी माणसं घोंगड्या पांघरून बसलेली. त्यांनी संस्थेच्या जिनीव्हातल्या कार्यालयाला पत्र लिहिलं. उत्तर आलं नाही, तेव्हा ते स्वतःच तिथे जाऊन धडकले आणि कागदी नळ्यांची कल्पना मांडली. विचार करा, छावणीत टिकणाऱ्या खांबाला किती अटी आहेत! तो मजबूत हवा, हलका हवा, त्यासाठी जंगल तुटायला नको, आणि त्याला विकत घेणारं कुणी असता कामा नये. पुठ्ठ्याची नळी या सगळ्या अटी पुऱ्या करते. तिला भाव नाही म्हणूनच ती माणसाच्या डोक्यावर राहते. १९९९ मध्ये रवांडाच्या छावणीत नळ्यांचे ५० निवारे उभे करून ते कसे टिकतात हे पाहण्यात आलं.

या खटपटी सुरू असतानाच आपत्ती बान यांच्या स्वतःच्या देशात आली. १७ जानेवारी १९९५, पहाटे पावणेसहाचा सुमार, कोबे शहर. सहा हजारांहून अधिक माणसं गेली. नागाता भागात आगी लागल्या आणि मोहल्लेच्या मोहल्ले जळले. तिथे ताकातोरी नावाचं एक चर्च होतं, आणि त्याच्या आधारानं राहणारी व्हिएतनामहून आलेल्या निर्वासितांची वस्ती. एकदा देश सुटलेली ही माणसं दुसऱ्यांदा बेघर झाली. चर्चही जळून गेलं होतं.

बान तिथे गेले आणि धर्मगुरूंना म्हणाले, चर्च कागदाचं बांधू. आगीत सगळं गमावलेल्या माणसाला कागदाचं देऊळ सुचवायचं! धर्मगुरूंना हा मनुष्य भ्रमिष्ट वाटला तर नवल नाही. बान मात्र टोकियोहून येत राहिले आणि वस्तीतल्या लोकांशी बोलत राहिले, तेव्हा एक गोष्ट त्यांच्या ध्यानात आली. सरकार तात्पुरती घरं देत होतं, पण ती शहराबाहेर दूर. या माणसांची रोजीरोटी नागातातल्या लहानमोठ्या कारखान्यांत. दूर गेलं तर काम जाणार, म्हणून ते बागांमध्ये निळ्या ताडपत्र्यांखाली राहत होते. पावसाचं पाणी आत, उन्हाळ्यात आत भट्टी. घर नसणं म्हणजे नुसतं छप्पर नसणं नव्हे, कामाच्या जवळ राहता न येणं हेही त्यातच आलं. आपल्याकडे शहरात पदपथावर राहणाऱ्या कुणालाही विचारा, तो हेच सांगेल.

तेव्हा घर असं हवं होतं, जे बागेत उभं करता येईल, नंतर माग न ठेवता उचलता येईल, आणि कुशल गवंडी नसताना विद्यार्थ्यांना आणि राहणाऱ्यांना मिळून बांधता येईल. बान यांनी काय केलं ते पायापासून पाहू.

पाया बिअरच्या बाटल्यांच्या प्लॅस्टिक क्रेटचा. क्रेट ओळीनं मांडायचे, त्यांत वाळूच्या पिशव्या भरायच्या, झाला पाया. खोदाई नाही, सिमेंट नाही, आणि जमीन ओली झाली तरी कागद कोरडा. क्रेट एका बिअर कंपनीकडून मिळवले, आणि तेही रंग बघून. एका कंपनीचे क्रेट लाल होते, ते नळ्यांच्या तपकिरी रंगाशी जुळणार नाहीत म्हणून बान यांनी दुसऱ्या कंपनीला विचारलं. हा तपशील मला फार मोलाचा वाटतो. सर्वस्व गमावलेल्या माणसाच्या तात्पुरत्या घराच्या पायाचा रंग कसा दिसेल, याची काळजी करणारा माणूस किती विरळा!

क्रेटवर जमीन, आणि जमिनीच्या कडेनं उभ्या नळ्या एकीला एक खेटून. नळीचा व्यास सुमारे १०६ मिलिमीटर, तिच्या भिंतीची जाडी फक्त ४ मिलिमीटर. दोन नळ्यांच्या मधल्या फटीत स्पंजची चिकटपट्टी, म्हणजे वारा-पाणी आत येत नाही. वर तंबूचं कापड. चार मीटर लांब, चार मीटर रुंद खोली तयार. दोन घरांमध्ये माणसाच्या उंचीएवढी जागा मोकळी सोडली, बसायला-बोलायला, कपडे वाळत घालायला. आणि नळ्यांच्या पोटात काय आहे? हवा. कोंडलेली हवा उष्णता सहज जाऊ देत नाही, म्हणजे ज्या पोकळीमुळे नळी मजबूत झाली, त्याच पोकळीमुळे घर थंडी-उन्हाला तोंड देतं.

आता एक सोपं गणित करू. चार भिंती मिळून सोळा मीटर, म्हणजे नळ्या साधारण दीडशे. उंची दोन मीटर धरली तर एका नळीचं वजन दोन किलोच्या आसपास भरतं. सगळ्या भिंतींचं मिळून तीनशे किलो. एवढीच भिंत आपल्या नेहमीच्या नऊ इंची विटांनी बांधली तर तिचं वजन तेरा टनांच्या घरात जातं. चाळीसपटींहून अधिक फरक!

हा फरक ने-आण करण्यापुरता नाही. भूकंपात जमीन हलते तेव्हा घरावर येणारा धक्का घराच्या वजनाच्या प्रमाणात असतो. जड घर जास्त जोराचा धक्का ओढवून घेतं आणि पडलं तर तेच वजन खाली झोपलेल्यांवर येतं. महाराष्ट्राला हे सांगायची गरज नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, अनंत चतुर्दशीचं विसर्जन आटोपून किल्लारी आणि आसपासची गावं झोपलेली असताना दगड-मातीच्या रुंद भिंती आणि जाड मातीची माळवदं हजारो माणसांवर कोसळली. उन्हाळ्यात गारवा देणारी तीच माती होती, तेच दगड होते. तीनशे किलोच्या भिंतीत राहणाऱ्याला भूकंपाची भीती वाटायचं फारसं कारण उरत नाही.

बागेतली घरं पाहून धर्मगुरूंचा विश्वास बसला. पैसे तुम्ही जमवा, मुलं तुम्ही आणा, मग बांधा चर्च, असं ते म्हणाले. पाच मीटर उंचीच्या ५८ नळ्या लंबवर्तुळात उभ्या राहिल्या. १६० स्वयंसेवकांनी पाच आठवड्यांत ते बांधलं. तात्पुरतं म्हणून बांधलेलं ते चर्च दहा वर्षं तिथे राहिलं, कारण लोकांना ते सोडवेना. त्याचं पुढे काय झालं ते थोड्या वेळानं सांगतो, कारण मधे तुर्कस्तान आणि कच्छ आहे.

१९९९ मध्ये तुर्कस्तानात मोठे भूकंप झाले आणि कागदी घर तिकडे निघालं. तिथली कुटुंबं मोठी आणि हिवाळा कडक. खोली थोडी मोठी झाली, आणि ऊब राहावी म्हणून नळ्यांच्या पोटात कागदाचा चुरा भरला. रद्दीच्या नळीला रद्दीची रजई! इथे लक्षात येतं की बान यांनी घराचा साचा बनवलाच नव्हता. त्यांनी एक पद्धत बनवली होती, आणि प्रत्येक गाव तिच्यात आपल्या हवेप्रमाणे, आपल्या अडगळीप्रमाणे बदल करू शकत होतं.

कच्छमध्ये तर तिनं कमाल केली. २६ जानेवारी २००१, प्रजासत्ताक दिनाची सकाळ. भुज, अंजार, भचाऊ, ढिगारेच ढिगारे. कागदी नळ्यांचं घर इथे बांधायचं ठरलं आणि पहिला अडथळा पायाशीच आला: बिअरचे क्रेट मिळेनात. गुजरातेत राज्य झाल्यापासून दारूबंदी, तिथे ते मिळणार तरी कुठून? मग त्या मुलखात कोणती वस्तू फुकट, हवी तेवढी आणि हाताशी होती? पडलेल्या घरांचा राडारोडा. दगड, विटांचे तुकडे, माती. तोच भरून जोतं केलं आणि वरून मातीची जमीन सारवली, कच्छी घरात असते तशी. पडलेलं घर हटवायला ट्रक लागतो, टाकायला जागा लागते, खर्च होतो. इथे ते नव्या घराच्या खाली गेलं आणि कामाला लागलं.

भिंती त्याच नळ्यांच्या. छप्पर मात्र सगळं इथलं. आढ्याला अख्खा बांबू. त्यावरून दोन्ही बाजूंना वाकवलेल्या बांबूच्या कांबी, म्हणजे कमानदार छप्पर. त्यावर स्थानिक विणीची चटई, तिच्यावर पावसासाठी पारदर्शक प्लॅस्टिक, आणि त्यावर पुन्हा चटई, म्हणजे प्लॅस्टिक उन्हानं तापत नाही. कमानीच्या दोन्ही टोकांच्या भिंतीही चटईच्या, आणि विणीत बारीक भोकं. या भोकांतून वारा खेळतो आणि आत केलेल्या स्वयंपाकाचा धूर वर जाऊन बाहेर पडतो. जाता जाता तो डासही पळवतो. एका चटईनं पंखा, धुराडं आणि मच्छरदाणी अशी तिन्ही कामं केली.

आता थोडं मागे जाऊ या, त्या घराच्या जन्मापाशी. टोकियोतली कापडाची नळी, फिनिश वास्तुरचनाकाराचं प्रदर्शन, रवांडातल्या निर्वासितांची उपासमार, जपानमधले व्हिएतनामी कामगार आणि कच्छी चटई. या पाच गोष्टी एका घरात येतील असं कुणी सांगितलं असतं तर खरं वाटलं असतं का?

आणि ते चर्च? २००५ मध्ये ते काळजीपूर्वक सोडवलं गेलं. नळ्या तैवानला पाठवल्या. १९९९ च्या भूकंपात उद्ध्वस्त झालेल्या तिथल्या पुली भागातल्या ताओमी गावात ते स्वयंसेवकांच्या हातांनी पुन्हा उभं राहिलं आणि २००८ मध्ये लोकांसाठी खुलं झालं. एका भूकंपातून उठलेली इमारत दुसऱ्या भूकंपानं मोडलेल्या गावी राहायला गेली. त्या वेळपर्यंत जगभरातल्या शहरांमध्ये काँक्रीटच्या किती इमारती ऐन उमेदीत पाडल्या गेल्या असतील, कारण त्या जागेवर जास्त पैसे देणारी दुसरी इमारत उभी करायची होती! इमारत तात्पुरती की कायमची, हे तिच्या साहित्यावरून ठरत नाही असं बान म्हणतात, आणि या चर्चकडे पाहिलं की ते पटतं.

२०१४ मध्ये बान यांना वास्तुरचनेतलं सर्वोच्च मानलं जाणारं प्रित्झकर पारितोषिक मिळालं. गडगंज लोकांसाठी त्यांनी बांधलेल्या देखण्या इमारतीही आहेत. पण जपानमध्ये २०११ ची त्सुनामी आली तेव्हा ते आणि त्यांचे विद्यार्थी शाळांच्या व्यायामशाळांमध्ये गेले. तिथे शेकडो कुटुंबं एकाच जमिनीवर, आडोशाशिवाय, दिवसचे दिवस झोपत होती. कागदी नळ्यांची चौकट आणि तिला पडदा, बस्स. अशा १,८०० खोल्या त्यांनी सुमारे ५० ठिकाणी लावल्या. बाईला कपडे बदलायला, बाळाला दूध पाजायला, कुणाला एकट्यानं रडायला एक पडदा लागतो. तीच चौकट २०२२ मध्ये युक्रेनमधून पळालेल्या कुटुंबांसाठी पोलंडमध्ये उभी राहिली.

कागदाच्या मर्यादा लपवण्यात अर्थ नाही. सतत भाराखाली तो वर्षानुवर्षं हळूहळू दबत जातो. दमटपणा हा त्याचा जुना शत्रू. कोकणातल्या चार महिन्यांच्या पावसात उघडी नळी टिकवणं जिकिरीचं आहे. आणि मुंबईत पुलाखाली राहणाऱ्या कुटुंबाची अडचण भिंतीची नाहीच, ती पायाखालच्या जागेची आहे. तिचं उत्तर कोणत्याही नळीत सापडणार नाही, ते महापालिकेत आणि विधानसभेतच शोधावं लागेल.

तरीही एक जागा मला सारखी डोळ्यांसमोर येते. दिवाळीच्या सुमारास बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतून ऊसतोड मजूर निघतात आणि कारखान्यांच्या परिसरात कोप्या घालतात. बांबू, चटया, पाचट, प्लॅस्टिकचा कागद, जे मिळेल त्याची, स्वतःच्या हातानं, एका दिवसात. कोपी इतकी बुटकी की वाकून आत शिरावं लागतं आणि आतही धड उभं राहता येत नाही. हंगाम चालतो उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत. म्हणजे नेमके वर्षातले कोरडे महिने, जेव्हा कागदाला पाण्याचं भय सर्वात कमी!

मग बान यांच्या पद्धतीत आपल्याकडचं काय काय बसेल? नळ्या भिवंडी-इचलकरंजीच्या कापडाच्या रोलमधून. पायाला क्रेट हवेत, तर नारायणगावच्या बाजारात टोमॅटोचे प्लॅस्टिक क्रेट डोंगराएवढे रचलेले असतात. वाळूऐवजी शेतातली माती भरता येईल. छपराला बांबूच्या चटया, तशा त्या आत्ताही वापरतात. त्यांच्या मधे प्लॅस्टिकचा थर, कच्छमध्ये घातला तसा, म्हणजे फेब्रुवारीच्या उन्हात आतली माणसं भाजणार नाहीत. टोकाच्या भिंतीला विणीतली भोकं, म्हणजे चुलीच्या धुराला वाट. हंगाम संपला की नळ्या मोळीसारख्या बांधायच्या आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर टाकायच्या. तीनशे किलो म्हणजे उसाच्या ट्रॉलीला काहीच नाही. खराब झालेल्या नळ्या पुन्हा लगद्याला. एखाद्या वास्तुशास्त्र महाविद्यालयातल्या मुलांनी पुढच्या हंगामाआधी दोन-तीन कोप्या अशा बांधून पाहाव्यात, कोपी घालण्यात आयुष्य गेलेल्या बाईला सोबत घेऊन, तिला विचारत. दार कुठल्या बाजूला हवं, चूल आत की बाहेर, बैल किती जवळ बांधायचे, हे तिला ठाऊक आहे. नळीची लांबी कारखान्यात सांगताना मात्र दोन मीटरपेक्षा कमी सांगू नये, म्हणजे तिला आत ताठ उभं राहता येईल.